पिझ्झा म्हणे भाजी!

कढीपत्ता (न्यू जर्सी): "अमेरिकेत पिझ्झा सरकारी भाजी आहे, हसून हसून पुरेवाट" ही परवाची पोस्ट वाचून डोकं फिरलं. पिझ्झाला भाजी कुणीही म्हटलेलं नाही. शाळेच्या जेवणात २ टेबलस्पून टोमॅटो पेस्ट अर्धा कप भाजी धरतात, एवढंच. २०११ साली शेतीखातं ते बदलायला निघालं होतं. जेवढी पेस्ट ताटात, तेवढीच भाजी. गोठवलेला पिझ्झा विकणाऱ्यांनी तिथल्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, धावाधाव केली आणि तो बदल सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या कायद्यातच अडवला गेला. लॉबीला शिव्या घाला, पण हिशोब अगदीच खुळा नाही. पेस्ट आटवलेली असते. बासुंदी आटवताना दूध कुठे पळून जातं का?

सातारी ठेचा: वा! म्हणजे दोन वाट्या बासुंदी हाणली की डॉक्टरांना सांगायचं, लिटरभर दूध प्यायलो! अहो, बाकीच्या फळाभाज्यांच्या पेस्ट जेवढ्या वाढल्या तेवढ्याच मोजतात. ही सवलत एकट्या टोमॅटोला का, ते सांगा.

जुना सभासद: टोमॅटोचे लाड जुनेच. १८९३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला होता: वनस्पतिशास्त्रात फळ, पण जेवणात भाजी. आयात होणाऱ्या भाज्यांवर जकात होती, फळांवर नव्हती. पैशाशिवाय असले वाद कोर्टात जातात होय? १९८१ चं केचपला भाजी धरायचं प्रकरणही तसंच. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने शाळेच्या जेवणाचं अनुदान कापलं आणि लोणच्या-चटण्यांत भाजी शोधायला लागले. इतकी शोभा झाली की सप्टेंबरातच मसुदा गुंडाळला.

लेकीची आई (ह्यूस्टन): पेस्टचं काय घेऊन बसलात, बटाट्याचं बोला! त्याच २०११ मध्ये पिष्टमय भाज्या आठवड्याला १ कपापुरत्या ठेवायचं चाललं होतं. मेन राज्याच्या सुझन कॉलिन्स आणि कोलोरॅडोचे मार्क उडाल, दोघे सिनेटर बटाट्यासाठी उभे राहिले. माझी लेक तिसरीत. रोज विचारते, "भाजी खाल्लीस?" "हो." काय होतं? बटाट्याचे तळलेले गोळे. बटाटा भाजी नाहीच मुळी.

कढीपत्ता: मग घरी "बटाट्याची भाजी" म्हणता ते काय?

लेकीची आई: शेवभाजीही म्हणतो. शेव भाजी झाली?

सातारी ठेचा: हे मात्र बिनतोड. वाशीच्या बाजार समितीतही कांदा-बटाटा बाजार वेगळा, भाजीपाला वेगळा. आणि उपासाला मेथी चालत नाही, बटाटा चालतो. आपल्या आज्यांनी शेतीखात्याच्या आधी वर्गवारी केली.

कढीपत्ता: उपासाला भेंडी चालणारी घरं आहेत. आज्यांचं नाव पुढे करून काहीही खपवू नका.

सातारी ठेचा: भेंडी? उपासाला? कुठलं घराणं हो हे?

कढीपत्ता: घरावर जायचं काम नाही. माझ्या आईची फराळाची भेंडी खाल्लीत तर बोटं चाटाल.

लेकीची आई: भेंडीचा वेगळा धागा काढा. पेस्टबद्दल तुमचं एक मान्य, कायद्यात "पिझ्झा भाजी" लिहिलेलं नाही. पिझ्झावरचा लेप भाजी आहे. झालं समाधान? उद्यापासून लेकीच्या डब्यात मीच दोडका देणार. परत येईल, माहीत आहे.

सातारी ठेचा: दोडका आटवून द्या. दोन चमच्यांत अर्धा कप.