उत्तर: एकेक रेणू मोजतात कसा?
प्रश्न असा की रेणू दिसतच नाही तर मोजणार कसा, तर नॅनोपोरमध्ये, म्हणजे रेणूच्या मापाच्या अतिसूक्ष्म भोकाच्या पद्धतीत, बघायचं नसतंच. पातळ पडद्याला एकच भोक, दोन्हीकडे खारं पाणी, व्होल्टेज दिलं की आयन (मिठाचे विद्युतभारित कण) त्यातून जातात आणि शंभरेक पिकोअँपिअर (पिको म्हणजे लाख कोटीवा भाग) करंट वाहतो, रेणू आत शिरला की करंट तेवढ्यापुरता पडतो, किती वेळा पडला ते मोजायचं, बस्स! किती पडला आणि किती वेळ, यावरून रेणू कुठला तेही थोडंफार कळतं. १९९६ ला अल्फा-हिमोलायसिन नावाच्या, बॅक्टेरियात बनणाऱ्या प्रोटीनच्या भोकातून आरएनए-डीएनए असेच ओढले होते, भोक सगळ्यात अरुंद जागी जेमतेम १.४ नॅनोमीटर, मला तर अजून भारी वाटतं. खरी अडचण वेगळीय, सॅम्पलमध्ये रेणू फार कमी असले तर ते भोकापर्यंत पोचायलाच खूप वेळ लागतो.