एजंट नेमका कोणाचा माणूस?

मी सावद्याचा. दिवसा कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर, रात्री लिखाण. केळीला बोर्डावर भाव एक लागतो आणि बांधावर व्यापारी देतो दुसराच, त्या भानगडीवर पटकथा लिहिलीय. माझा मोबाइलवर काढलेला लघुपट पाहून अंधेरीच्या एका टॅलेंट मॅनेजरचा, म्हणजे लेखक-कलाकारांना काम मिळवून देणाऱ्या एजंटचा, फोन आला. बोलायला एकदम गोड. करार व्हॉट्सॲपवर आला, 9 पानं, सगळी इंग्रजी. झेरॉक्स काढून बायकोसोबत डिक्शनरी घेऊन बसलो. कमिशन 20 टक्के. चौथ्या पानावर पटकथेचे हक्क 'कायमचे, संपूर्ण विश्वात'. बायको म्हणे, मंगळावर केळी पिकत नाही, तिथं कोण पाहीन? पण अडलो त्याखालच्या ओळीला: मॅनेजर सहनिर्माता राहील आणि निर्मात्याकडून वेगळी फी घेईल. म्हणजे माझे पैसे वाढवायला भांडणारा तोच, आणि कमी करणारा पण तोच? विचारलं तर म्हणे, "इंडस्ट्रीत असंच चालतं." शनिवारपर्यंत सही पाहिजे त्याला. काय करू भो?

चाळीसगावकर: हॉलीवूडच्या एजन्सीही हेच म्हणायच्या. लेखक, दिग्दर्शक, नट यांची मोट बांधून स्टुडिओला द्यायची, लेखकाचं 10 टक्के कमिशन सोडायचं आणि स्टुडिओकडून पॅकेजिंग फी घ्यायची. मग लेखकाला कमी मिळाले तरी यांचं काय जातंय? एप्रिल 2019 मध्ये तिथल्या रायटर्स गिल्डनं, म्हणजे लेखकांच्या संघटनेनं, सांगितलं आणि सात हजारांवर लेखकांनी आपापल्या एजंटांना नारळ दिला. शेवटची मोठी एजन्सी फेब्रुवारी 2021 मध्ये नमली. पण त्यांच्या पाठीशी गिल्ड होतं, तुमच्या पाठीशी झेरॉक्सवाला. राग मानू नका.

जळगावहून, वकील: मुदत लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम 19 पाच वर्षं धरतं. तुमच्याकडे 'कायमचे' लिहिलंय, ते आधी खोडायला लावा. 2012 च्या दुरुस्तीनंतर थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा करारानंसुद्धा सोडता येत नाही, हे त्याला सांगा. आणि मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन पटकथा ऑनलाइन रजिस्टर करा. कोणाला वाचायला पाठवायच्या आधी, नंतर नाही.

मालेगाववाला: आमच्याकडे सायकलीवर कॅमेरा आणि बैलगाडीची क्रेन करून पिक्चर निघाले. कोणाला होता एजंट? स्वतःच काढ.

सावदेकर (मूळ प्रश्नकर्ता): मालेगाववाले भाऊ, बैलगाडी आहे. पण माझ्या गोष्टीत केळी भरलेले 3 ट्रक आहेत अन् पावसाचा एक सीन, तिथंच गाडं अडतं.

काल फोन केला त्याला. म्हटलं, एक तर माझं कमिशन घ्या नाहीतर निर्मात्याची फी, दोन्ही नाही. अर्धा मिनिट काही बोललाच नाही, मागं रिक्षाचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. मग म्हणे, विचार करून सांगतो. शनिवार गेला, आज मंगळवार. रजिस्ट्रेशनला बसलोय, ओटीपी येत नाहीये. गच्चीवर जाऊन पाहतो.