जूनचा पहिला सोमवार: सुट्टी घ्यायची, पण साजरी करायची का?

मोहर
पर्थमध्ये आज वेस्टर्न ऑस्ट्रेलिया डेची सुट्टी. २०१२ पर्यंत याला 'फाउंडेशन डे' म्हणत. जून १८२९ मध्ये 'पार्मेलिया' जहाजातून कॅप्टन स्टर्लिंग आणि वसाहतीतली पहिली माणसं इथे आली, १८ जूनला स्वान रिव्हर कॉलनीची घोषणा वाचली गेली, त्याची ही आठवण.

शनिवारी लेक (वय ८) पुठ्ठ्याचं जहाज करत होती, शिडाला माझी जुनी ओढणी. मध्येच म्हणाली, "आई, हे यायच्या आधी इथे कोण राहायचं?" म्हटलं, नूंगार लोक. "मग त्यांना कुठे दाखवू?" पुठ्ठा संपला होता.

संध्याकाळी आमच्या ग्रुपची पावभाजी आहे आणि जहाजाचा केक. मी केकला नाही म्हणून कळवलंय.

खवट
केकला नाही, पावभाजीला हो! पाव आणि बटाटा पोर्तुगीजांनी आणलेला बरा चालतो.

दर्यावर्दी
खवट, पाव खाणं वेगळं आणि २५ नोव्हेंबर साजरा करणं वेगळं. १५१० मध्ये त्या दिवशी अल्बुकर्कने गोवा जिंकलं. आमच्याकडे सुट्टी १९ डिसेंबरला असते, मुक्तीची. वास्को द गामाच्या पाचशे वर्षांचा सोहळा करायची टूम निघाली तेव्हा गोव्यात केवढा विरोध झाला होता.

खवट
गोव्यातून पोर्तुगीज गेले. इथून कोण जाणार? तुमचं-आमचं घर ज्या जमिनीवर आहे ती त्याच वसाहतीने वाटलेली. हप्ते फेडतोय आपण, आणि नाक मुरडायचं फक्त केकला? राज्याला वाढदिवस लागतोच. आपणही १ मे करतो की.

मोहर
१ मेला आधी हुतात्मा चौकात फुलं वाहतात, मग बाकीचं. इथे? २८ ऑक्टोबर १८३४ ला याच स्टर्लिंगने, गव्हर्नर असताना, स्वतः तुकडी नेऊन पिंजारा इथे नूंगारांच्या तळावर हल्ला केला. किती मेले यावर अजून वाद आहे. त्याच्या आदल्या वर्षी नूंगारांचा योद्धा यागन याला मारलं. त्याचं शीर इंग्लंडला नेलं, ते १९९७ मध्ये परत आलं आणि स्वान व्हॅलीत पुरायला २०१० उजाडलं. या दोघांतलं एकही नाव केकवर येत नाही.

जमिनीचं म्हणालास ते मात्र टोचलं. त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

किनारा
तारीख बदला, एवढं तरी म्हणू या. राजाचा वाढदिवस बहुतेक राज्यांत जूनमध्ये, आपल्याकडे सप्टेंबरअखेरीला. खुद्द राजाला सरकवता येतं तर हा दिवस का नाही? २०१२ मध्ये पाटी बदलली, दिवस तोच ठेवला.

(अवांतर: पार्मेलिया आल्या आल्या वाळूच्या दांड्यावर रुतलं होतं. चालवत होता स्वतः स्टर्लिंग. त्या दांड्याला आजही जहाजाचंच नाव आहे.)

खवट
तारीख कुठलीही धरा, वर्ष १८२९ नंतरचंच निघणार. त्याआधी 'वेस्टर्न ऑस्ट्रेलिया' नव्हतंच.

दर्यावर्दी
तेच तर म्हणतोय आम्ही!

मोहर
परत आले. केक पावसात भिजला, जूनच तो. लेकीने ओढणी सोडवून घेतली आणि जहाज तिथेच ठेवून आली. विचारलं तर म्हणाली, "रुतलंय ते."

खवट
आणि पावभाजी?