वर्षानुवर्षं एकच मागणं: तुमचे प्रार्थनेचे अनुभव लिहा

वावरातली
सलाम सगळ्यांना. रविवारी पाळकसाहेबांनी बायबलातल्या लूक १८ वर संदेश दिला, न्याय मागत परत परत येणारी ती विधवा अन् शेवटी कंटाळून ऐकणारा तो न्यायाधीश, आणि मले बसल्या बसल्या आजीच आठवली. आमचा धाकटा काका दारूपायी घरून निघून गेला होता, पत्ता नाही की निरोप नाही. आजी कापूस वेचायला जायची, ओटी भरली की ढिगावर रिकामी करायची आणि ओटी झटकताना दरवेळी त्याचं नाव घेऊन "प्रभू, त्याले घरी आण" एवढंच म्हणायची. सोबतच्या बायकांना ते पाठ झालं होतं, ख्रिस्ती नसलेल्या पण आमेन म्हणायच्या. मी कॉलेजात गेली तरी काका नाही. मग एका हिवाळ्यात आला, दाढी वाढलेली, अंगणात उभा. आजीनं आधी जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी वावरात परत त्याचंच नाव! मी म्हटलं आजी, आला ना तो. तर म्हणे, "आला, पण टिकला पायजे नं बाई." दारू सुटायला पुढं बरीच वर्षं गेली, आजी मागतच होती. तुमचं असं लांबलेलं मागणं असेल तर लिहा, मिळालेलं असो की नसो.

यवतमाळची पोर
भरून आलं ताई. आमची आई पहाटे चारलाच उठते, आधी माझ्या नर्सिंगच्या अ‍ॅडमिशनसाठी मागायची, मग नोकरीसाठी, आता लग्नासाठी, यादी काही संपत नाही. म्हणते बापाजवळ मागायला लाज कायची. थांबा, कुकर झाला

जुने काकाजी
लांबलेलं मागणं म्हणाल तर आमच्या वडिलांच्या पिढीचं ऐका. वेगवेगळ्या पंथांच्या ख्रिस्ती मंडळ्या एक व्हाव्या म्हणून बोलणी १९२९ पासून चालू होती, नोव्हेंबर १९७० मध्ये नागपूरला ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या मिळून सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली. चाळीस वर्षं. वडील दर रविवारी त्यासाठी मागायचे, आमच्या गावातल्या पाचसात घरांच्या देवळात. लहानपणी मला वाटायचं हे काय रोजचंच.

यवतमाळची पोर
काकाजी, बाबा पण जुनं काढलं की थांबत नाहीत. पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी आधी आमच्या यवतमाळलाच होती, १९८३ ला पुण्याला गेली, बाबांना त्याचं अजून वाईट वाटते.

दोन लेकरांची माय
लिहू की नको करत होती. माझं मागणं नाही मिळालं. मालकांच्या किडन्या गेल्या होत्या, डायलिसिससाठी एसटीनं नागपूर, परत येईपर्यंत अंधार, त्यांचे पाय सुजलेले, चप्पल हातात घेऊन उतरायचे. पूर्ण मंडळीनं उपास धरले. तरी ते गेले. मग एक जण म्हणाले विश्वास कमी पडला. हे वाक्य कृपा करून कोणी कोणाला म्हणू नका. प्रेषित पौलानं आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, जावं म्हणून तीनदा विनवणी केली, २ करिंथ १२ वाचा, काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर. त्याचा काय विश्वास कमी होता? वधस्तंभाच्या आधी गेथशेमाने बागेत प्रभूनं स्वतः तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हटले, दुःखाचा प्याला टळला नाही. मी अजून मागते. आता लेकरांच्या शिक्षणाचं मागते, अन् रात्री झोप लागू दे म्हणते.

वावरातली
ताई, बरं केलं लिहिलं. फोन करते सांजी.

बोरी अरब
तुमच्याकडं पाऊस थांबला का? सोयाबीन सोंगून पडलं आहे, आभाळ भरून राहिलं. प्रार्थना करा बाप्पा

यवतमाळची पोर
भाऊ ताडपत्री टाका आधी, आम्ही इकडून मागतो

नवा विश्वासी
एक विचारू का, रागावू नका. मागायच्या आधीच बापाला आपली गरज माहीत आहे असं मत्तय ६ मध्ये आहे, मग इतक्या वेळा काऊन सांगायचं?

जुने काकाजी
बेटा रागावणं कायचं. तो न्यायाधीश देवासारखा नाही, उलटा आहे. देवाला न भिणारा माणूस सुद्धा विधवेचं ऐकतो, तर रात्रंदिवस हाक मारणाऱ्यांचं देव ऐकणार नाही का, असं प्रभू म्हणतो. म्हणजे त्याचं मन वळवायला मागायचं नाही. अन् गोष्ट संपताना तो विचारतो, मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? माझ्या मते मागत राहणं म्हणजेच तो विश्वास. ती विधवा दुसऱ्या कोणाच्या दारी गेलीच नाही.

दोन लेकरांची माय
हो काकाजी. मी पण दुसरीकडे कुठं जाऊ.

नवा विश्वासी
समजलं काकाजी. माझा भाऊ दोन वर्षांपासून माझ्याशी बोलत नाही, बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून. त्याच्यासाठी मागता का सगळे?

वावरातली
शुक्रवारी आमच्याकडं उपास-प्रार्थना आहे, भावाचं नाव पाठवा.

बोरी अरब
ताडपत्री टाकली. माझं पण घ्या, सोयाबीन नाही, पोराचं, परीक्षा आहे त्याची