‘वन्स वेअर वॉरियर्स’ने माओरी समाजाचं भलं केलं की नुकसान?

रेवाकाठ

१९९४ साली न्यूझीलंडमध्ये आलेल्या ‘वन्स वेअर वॉरियर्स’ या चित्रपटावर इथे चर्चा व्हावी असं बरेच दिवस मनात होतं. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: साउथ ऑकलंडच्या सरकारी घरांच्या वस्तीत राहणारं हेके हे माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांपैकी, कुटुंब. जेकची नोकरी गेलेली, दारूचं व्यसन, बारमध्ये मुठीच्या जोरावर वट. बेथ त्याच्यासाठी माहेर तोडून आलेली. पाच मुलं. एका रात्री घरी दारूची मैफल जमते, जेकच्या मित्राला अंडी खायची असतात, बेथ करून द्यायला नकार देते आणि जेक तिला अमानुष मारतो. सकाळी मुलगा बूगी याची कोर्टात तारीख असते. सुजलेल्या चेहऱ्याने आई जाऊ शकत नाही, आणि सरकार मुलाला ताब्यात घेतं. तेरा वर्षांच्या ग्रेसवर तोच मित्र तिच्याच घरात बलात्कार करतो. ती कुणाला सांगू शकत नाही आणि जीव देते.

माझं मत स्पष्ट आहे. या चित्रपटाने भलं केलं. एक तर तो बाहेरच्यांनी केलेला नाही. मूळ कादंबरी ॲलन डफ यांची, १९९० ची. दिग्दर्शक ली तामाहोरी यांचे वडील माओरी. पटकथा रिविआ ब्राउन या माओरी लेखिकेची, आणि कथेच्या केंद्रस्थानी जेकऐवजी बेथ आली ती त्यांच्यामुळे. न्यूझीलंडमधल्या कमाईत या चित्रपटाने ‘जुरासिक पार्क’ला मागे टाकलं. म्हणजे तो महोत्सवांपुरता उरला नाही, बायकांनी आणि नवऱ्यांनी शेजारी बसून पाहिला. दुसरं म्हणजे बेथची सुटका पोलीस करत नाहीत, कुणी गोरा समाजसेवकही करत नाही. ती लेकीला मातीसाठी आपल्या मराएवर, म्हणजे पूर्वजांच्या सभास्थानी नेते आणि तिथून तिला बळ मिळतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत बसलं की त्या मुठीचा मार घरातल्या बाईलाच बसत राहतो. समाजाची बदनामी होईल म्हणून तिने किती काळ गप्प बसायचं?

कातळशिल्प

असहमत. चित्रपट म्हणून ताकदीचा आहे, यात वाद नाही. पण तुम्ही ज्याला धाडस म्हणता ते अर्धंच आहे.

पडद्यावर पाकेहा, म्हणजे गोरे न्यूझीलंडवासी, शोधून पाहा. जवळपास नाहीतच. कादंबरीत वस्तीला लागून एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाचं घर आहे, ग्रेस त्या घराच्या खिडकीतून आत बघते आणि आपण कुठे आहोत हे तिला कळतं. चित्रपटात ते घर उडालं. मग उरलं काय? माओरी पुरुष माओरी बाईला मारतो, माओरी पुरुष माओरी मुलीवर बलात्कार करतो. हे घर या वस्तीत आलं कसं, याबद्दल एक अक्षर नाही.

१८६० च्या दशकातली युद्धं आणि त्यानंतरची जमीनजप्ती, शाळांत माओरी बोलल्याबद्दल मुलांना छड्या, दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांना हात हवेत म्हणून गावांतून शहरांत आणलेली कुटुंबं. १९४५ मध्ये बहुतेक माओरी खेड्यात राहत होते, चाळीस वर्षांनी बहुतेक शहरात. आणि १९८४ नंतरच्या आर्थिक सुधारणांत सगळ्यात आधी बंद पडले ते हेच कारखाने. जेक बेकार का आहे हे ज्याला माहीत नाही त्याला जेक जन्मतःच तसा वाटतो.

माओरी अभ्यासक लिओनी पिहामा यांनी त्याच काळात हा आक्षेप घेतला होता की इतिहास आणि वसाहतवाद बाजूला काढला की गोऱ्या प्रेक्षकाच्या मनातली आधीचीच प्रतिमा पक्की होते. मला तो आजही बिनतोड वाटतो.

ऑकलंडस्थ

मी ऑकलंडमध्ये राहतो म्हणून एक बाजू मांडतो. ‘जेक द मस’ हे जेकचं चित्रपटातलं टोपणनाव इथे आजही ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा हसण्यावारी. अंड्यांचा तो संवाद तर चेष्टेत सर्रास वापरतात. ऑफिसात, क्रिकेटच्या मैदानावर, न्याहारीच्या टेबलावर. ज्या प्रसंगात एका बाईचं तोंड फोडलं जातं, त्याचा विनोद झालाय. टेमुएरा मॉरिसनचं काम इतकं जबरदस्त आहे की जेकची भीती वाटण्याऐवजी आकर्षण वाटणारेही पुष्कळ निघाले. तामाहोरी जाहिरातींच्या क्षेत्रातून आलेले. बारमधल्या मारामारीची छायाचित्रण-संकलनाची झिंग बघा. घरातली मारहाण मात्र त्यांनी तशी चकचकीत केलेली नाही, हेही खरं.

रेवाकाठ

@ऑकलंडस्थ, चेष्टा करणाऱ्यांचा दोष चित्रपटाच्या माथी मारायचा का? बेथ झालेल्या रेना ओवेनचा दुसऱ्या सकाळचा चेहरा ज्याने नीट पाहिला त्याला त्या वाक्यावर हसू येणार नाही.

@कातळशिल्प, इतिहास एका अक्षरानेही नाही हे मला मान्य नाही. पहिलीच चौकट आठवा. बर्फाच्छादित डोंगर, निळं तळं, आणि कॅमेरा सरकतो तेव्हा कळतं की ते जाहिरातीचं फलक आहे. त्याच्या मागे महामार्ग आणि ती वस्ती. देश पर्यटकांना काय विकतो आणि माओरींच्या वाट्याला काय आलं, हे एकाही संवादाशिवाय सांगितलंय. जेक स्वतः सांगतो की तो गुलामांच्या वंशातला, म्हणून बेथच्या घरच्यांना तो नको होता. म्हणजे माओरी समाजातली उच्चनीचताही लपवलेली नाही. दोन तासांच्या आत आणखी किती बसवायचं?

अबोली

मी कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत समुपदेशन करते. माओरी इतिहासावर बोलायचा माझा अधिकार नाही. पण मारहाण घरात कशी चालते हे या चित्रपटाने किती नेमकं पकडलंय, त्याबद्दल बोलते.

मारहाणीचा प्रसंग लोकांच्या लक्षात राहतो. मला महत्त्वाचे वाटतात ते त्याच्या आगेमागचे. मार खाल्ल्यानंतर काही दिवसांनी तीच बेथ जेकबरोबर पुन्हा हसते. बाहेरच्याला वाटतं, हिला काही लाजच नाही. पण तो गोड असतो तेव्हा फार गोड असतो, आणि त्या दिवसांच्या आशेवर बाई वर्षं काढते. मग भाड्याची गाडी घेऊन सगळे बूगीला भेटायला निघतात. मुलं नटलेली, बेथ खुशीत. जेक वाटेत बारपाशी थांबतो, आणि भेट होतच नाही. त्या प्रसंगात एकही थप्पड नाही. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातली ती सगळ्यात क्रूर गोष्ट आहे, कारण तिथे त्याने मुलांना शिकवलं की आपल्या घरात आशा धरायची नाही.

आणि मुलं सगळं ऐकतात. भिंतीपलीकडे आई किंचाळत असताना बिछान्यात बसलेली ग्रेस आणि धाकटी भावंडं. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, न्यूझीलंडने घरगुती हिंसाचाराचा नवा कायदा केला. त्यात मानसिक छळ हिंसेच्या व्याख्येत होता, आणि मुलांना अशी हिंसा पाहायला-ऐकायला लावणं हाही त्यांचा छळ मानला. आपल्याकडे २००५ च्या कायद्यात भावनिक छळ आला. तरी आजही आमच्याकडे येणारी बाई पहिलं वाक्य हेच बोलते, ‘मुलांवर त्याने कधी हात नाही उगारला.’

नांगरट

अबोली, प्रतिसाद आवडला. पण कायद्याचं श्रेय नकळत चित्रपटाला जाऊ नये, म्हणून क्रम सांगतो.

क्राइस्टचर्चमध्ये बायकांसाठीचं पहिलं आश्रयघर १९७३ चं. १९८१ मध्ये अशा घरांची राष्ट्रीय संघटना झाली, आणि माओरी बायकांनी तिच्यात आपली स्वतंत्र आश्रयघरं आणि निर्णयात समान वाटा मागून घेतला. १९८७ मध्ये पोलिसांनी अशा प्रकरणांत अटक करण्याचं धोरण घेतलं. १९९१ मध्ये हॅमिल्टनला पोलीस, न्यायालय आणि आश्रयघरं यांनी एकत्र काम करण्याचा प्रयोग सुरू झाला. १९९४ च्या फेब्रुवारीत व्हांगानुईमध्ये एका बापाने आपल्या तीन मुलींना मारलं. त्याच्याविरुद्ध आधी तक्रारी झालेल्या असूनही मुलींचा ताबा त्याच्याकडे होता. त्या प्रकरणाच्या चौकशीने १९९५ च्या कायद्याला धक्का दिला. तो बाप माओरी वस्तीतला जेक नव्हता.

वीस वर्षं राबलेल्या बायकांची नावं कुणाला माहीत नाहीत आणि जेकचं नाव मात्र सगळ्यांना ठाऊक. माझा राग यावर आहे.

रेवाकाठ

तुमचा राग रास्त आहे. पण कायदा चित्रपटाने आणला असं मी म्हटलेलंच नाही. कायदा असतो, आश्रयघराचा फोन नंबर भिंतीवर असतो, आणि तरी बाई फोन उचलत नाही, कारण आपल्या घरात चाललंय त्याला ‘हिंसा’ म्हणायचं हेच तिच्या मनाला पटलेलं नसतं. तो अडसर समित्या काढू शकत नाहीत. पडद्यावर आपल्यासारख्याच चेहऱ्याची, आपल्याच उच्चारात बोलणारी बाई दिसली की निघतो.

कातळशिल्प

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. बूगीचं सुधारगृह.

चित्रपटात सरकार बूगीला उचलून नेतं आणि त्याचं कल्याण होतं. तिथे बेनेट नावाचे माओरी गुरू त्याला ताइआहा, म्हणजे पारंपरिक लढाऊ काठी, शिकवतात. मुलगा ताठ मानेने चालू लागतो. थोरला नीग टोळीत जातो, चेहऱ्यावर गोंदवून घेतो. म्हणजे घरी राहिलेला बिघडला आणि सरकारने नेलेला सुधारला.

प्रत्यक्षात उलट घडत होतं. लोअर हटचं एपुनी, लेविनचं कोहितेरे, ऑकलंडचं ओवाइराका. या मुलांच्या गृहांत मारहाण होती, एकांतकोठड्या होत्या, लैंगिक अत्याचार होते, आणि आत डांबलेली बहुसंख्य मुलं माओरी होती. हे नंतर कळलं असंही नाही. ऑकलंडच्या गृहांबद्दल १९७८ मध्येच ‘अकॉर्ड’ या वंशवादविरोधी संघटनेने जाहीर चौकशी घेऊन अहवाल काढला होता. २०१८ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने २०२४ च्या जुलैमध्ये अंतिम अहवाल दिला. १९५० ते २०१९ या काळात सरकारी आणि धार्मिक संस्थांच्या ताब्यातल्या सुमारे दोन लाख मुला-माणसांवर अत्याचार झाल्याचा त्यांचा अंदाज आहे. टोळ्यांची भरती या गृहांतून कशी झाली, हेही आयोगाने नोंदवलं. १२ नोव्हेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

म्हणजे नीगची टोळी आणि बूगीचं गृह या दोन वेगळ्या वाटा नव्हत्याच. पहिली दुसरीतून निघत होती. प्रेक्षक मात्र हे शिकून बाहेर पडला की माओरी घरातून मूल काढलं की ते सुधारतं. माओरी मुलांना घरातून काढण्याचं धोरण अजून वादात असलेल्या देशात हा छोटा दोष नाही.

ऑकलंडस्थ

यात थोडी भर. बेनेटचं पात्र हवेतून आलेलं नाही. रोटोरुआच्या तळ्यातल्या मोकोइआ बेटावर मिता मोही यांनी अनेक वर्षं तरुणांना ताइआहा शिकवली, तुरुंगातल्या कैद्यांनाही. पण ते माओरींनी स्वतः उभं केलेलं काम. चित्रपटाने ते उचललं आणि सरकारी गृहात नेऊन बसवलं. इथे मी कातळशिल्प यांच्या बाजूने.

रेवाकाठ

बूगीच्या बाबतीत तुमच्या दोघांचं म्हणणं वजनदार आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. तरी ग्रेसचं मरण त्याने खोटं ठरत नाही. अत्याचार नात्यातला, ओळखीतला माणूस करतो, आणि मुलगी त्याच माणसाचा मुका घ्यायला नकार देते तेव्हा बाप तिची वही टराटरा फाडतो. १९९४ मध्ये हे मोठ्या पडद्यावर सांगणं सोपं नव्हतं.

नांगरट

शीर्षकाबद्दल कुणीच बोललं नाही. ‘आपण एके काळी योद्धे होतो’ हे शेवटी बेथ जेकला सुनावते, की ते खरे योद्धे आत्मसन्मानाचे होते, तुझ्यासारखे नव्हे. अर्थ सुंदर आहे. पण लोकांनी उलटा घेतला, की हे मुळात लढवय्ये, लढाई संपली म्हणून आता बायकांना मारतात. २००६ मध्ये माओरींमध्ये ‘योद्धा जनुक’ जास्त असल्याची बातमी वर्तमानपत्रांनी अशी काही उचलली की हिंसाचार जणू रक्तातच असतो. वास्तविक एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पोचलेल्या युरोपीय लोकांनीच लिहून ठेवलंय की माओरी बाप पोरांना अंगाखांद्यावर वागवतात, मारत नाहीत. आणि बाईवर हात टाकला तर तिचे नातलग जाब विचारायला येत. बेथला मारताना जेक निर्धास्त आहे, कारण तिच्या माणसांपासून ती तोडली गेलीय.

अबोली

हेच मला विचारायचं होतं. बेथला परत जायला मराए होतं, तिची मावशी-काकी-आजी असं गोत होतं. ज्या बाईची तिसरी पिढी शहरात जन्मली, जिला आपलं मूळ गावही माहीत नाही, ती कुठे जाणार? चित्रपटाचा शेवट मला दिलासा देतो, पण माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेक बायकांना तो दार दाखवत नाही.

कातळशिल्प

अबोली, त्याचं उत्तर साउथ ऑकलंडमध्येच होतं आणि कॅमेरा तिकडे वळला नाही. मांगेरे इथलं ते पुएआ मेमोरियल मराए १९६५ पासून उभं आहे. कुठल्या जमातीचे, कुठल्या गावचे हे न विचारता शहरात आलेल्या माओरींसाठी बांधलेलं. २०१६ च्या हिवाळ्यात ऑकलंडमध्ये घरं परवडेनाशी होऊन कुटुंबं मोटारींत झोपू लागली, तेव्हा याच मराएने दारं उघडली, लोकांना ठेवून घेतलं आणि सरकारी घर मिळेपर्यंत त्यांच्या बाजूने कागदपत्रांसाठी भांडलं. ग्रेसचा मित्र टूट ज्या मोडक्या मोटारीत राहतो, ती वस्ती तिथून लांब नाही. माओरींनी शहरात नव्याने उभारलेलं हे गोत तामाहोरींनी दाखवलं असतं, तर बेथला मागे गावाकडे न्यावं लागलं नसतं, आणि मीही या धाग्यावर दुसऱ्या बाजूला बसलो असतो.