केळीच्या धाग्याचा लगदा कडक होतोय, पाणी शोषत नाही

यावलची ताई:
नमस्कार. आमचा बचत गट आहे. घड उतरला की केळीची खोडं बांधावर कुजत पडतात, त्यांचा धागा आम्ही मशीनवर काढतो. तो बारीक कापून कास्टिक सोड्यात उकळला, धुतला, उसाच्या चिपाडाचा भुसा मिसळून मिक्सरला भरपूर घोटला आणि उन्हात वाळवला. पापडासारखा कडक झाला. वर टाकलेला थेंब तसाच राहतो. गावातल्या मुलींसाठी पॅड करायचेत. जिनिंगचा टाकाऊ कापूस मिळू शकतो. काय बदलू?

कागदवाला:
ताई, थेंब वर राहतो म्हणजे धाग्यावर लिग्निन (तंतूंना चिकटवून ठेवणारा वनस्पतीतला पदार्थ) आणि मेण शिल्लक आहे. शिजलेला धागा चिमटीत चोळा. करकरला तर ताज्या कास्टिकमध्ये पुन्हा शिजवा. हातमोजे आणि चष्मा हवाच. भांडं स्टीलचं घ्या, अॅल्युमिनियम कास्टिकने खाल्लं जातं. नंतर पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा, क्लोरीन नको.

कडकपणा मात्र घोटण्यामुळे येतो. ओले तंतू घोटले की त्यांचे पापुद्रे सुटतात आणि वाळताना ते एकमेकांना घट्ट धरून बसतात. कागदाला तेच हवं असतं. पॅडमध्ये पाणी मुख्यतः तंतूंमधल्या पोकळीत मावतं, ती पोकळीच तुमच्याकडे बुजते आहे. म्हणून नुसतं पिळा, पूर्ण वाळवा आणि कोरडंच पिंजा. कारखान्यातही पाइनच्या लगद्याचे वाळलेले ताव हॅमर मिलमध्ये (फिरत्या हातोड्यांच्या यंत्रात) असेच फोडतात.

रानवेडा:
भुसा काढून टाका. चिपाडाचा तंतू पाइनच्या साधारण निम्म्या लांबीचा, शिवाय त्यातला गर बारीक होऊन पोकळी भरतो. कापूस जरूर घ्या, पण कच्च्या कापसावरही मेण असतं, तोही सोड्यात उकळा. बांधावर घायपात असेल तर तोही लक्षात ठेवा. 2023 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक मनू प्रकाश यांच्या गटाने घायपाताच्या पानांपासून पॅडसाठी शोषक तंतू काढून दाखवला. त्यांचं रसायन पेरॉक्सिफॉर्मिक आम्ल, ते घरी करू नका.

सिस्टर:
माझी कळकळीची विनंती, तपासणीआधी एकाही मुलीला पॅड देऊ नका. सोडा राहिला तर कातडी सोलवटते. धुतल्याचं शेवटचं पाणी पीएच पट्टीवर 7 च्या आसपास यायला हवं. ओलसर लगद्याला बुरशी धरते, तो रात्रभर तसाच ठेवू नका. आयएस 5405 हे सॅनिटरी पॅडचं भारतीय मानक आहे, नमुने त्यानुसार प्रयोगशाळेत तपासून घ्या.

यावलची ताई:
सगळ्यांचे आभार. भुसा काढला, कोरडा पिंजला. थेंब आता लगेच आत जातो. पण तळव्याने दाबलं की पाणी परत वर येतं. जेल (बाजारच्या पॅडमध्ये पाणी धरून ठेवणारं रसायन) न घालता हे कमी करायला कापूस वरच्या थरात घालू की खालच्या?