छोटा नागपूरची ल्युथरन ओळख

ताई, तुम्ही विचारलंत, की १९७० मध्ये इतक्या प्रोटेस्टंट मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात (सीएनआय) एकत्र आल्या, मग झारखंडकडच्या छोटा नागपूरच्या ल्युथरनांनी, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतल्या ख्रिस्ती लोकांनी, वेगळी चूल का ठेवली? 'जर्मन वारसा' हे त्यावर दिलं जाणारं उत्तर मला अपुरं वाटतं. जर्मन मिशनरी १८४५ साली रांचीला आले खरे, पण पहिल्या महायुद्धात त्यांना जावं लागलं आणि १९१९ मध्ये त्यांनी उभी केलेली गॉसनर मंडळी स्वायत्त झाली. तेव्हापासून मुंडा, उरांव, खडिया ही तिथली आदिवासी माणसंच ती सांभाळताहेत.

मी नगरकडचा, सीएनआयमधला. नोकरीनिमित्त तिकडे असताना त्यांच्या एका विभागीय मेळाव्याला गेलो होतो. भाषणं विसरलो, पण एक गट लख्ख आठवतो. ल्यूथरची १५२९ची छोटी प्रश्नोत्तरी, म्हणजे श्रद्धेची शिकवण प्रश्न-उत्तरांत सांगणारं पुस्तक, वाचत होते. तिच्यात पुन्हा पुन्हा एकच प्रश्न येतो: याचा अर्थ काय? प्रभूच्या प्रार्थनेतली 'आमची रोजची भाकर' म्हणजे नुसतं अन्न नव्हे. ल्यूथर त्यात कपडे, घर, शेत, गुरं, चांगलं हवामान, चांगलं सरकार, चांगले शेजारीसुद्धा धरतो. 'शेत' शब्दाशी एक आजोबा थांबले. पुस्तकावर बोट तसंच ठेवून हातच्या गेलेल्या जमिनीबद्दल बोलू लागले. पुढचा अर्धा तास सगळे जमिनीवरच बोलले, आणि पाळकांनी कुणालाही थांबवलं नाही. त्यांची ओळख मला तिथे कळली.

आता घरी मुलांबरोबर तीच प्रश्नोत्तरी वाचतोय. धाकटीने काल विचारलं, शेजारी कसे काय भाकरीत येतात?